आशीर्वादाआधी उठणारा माणूस

कामतघर, भिवंडी
शुक्रवार, दुपार

प्रिय शमू,

सप्रेम सलाम. तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी पोचलं. रोज फोनवर बोलणाऱ्या पोराने पत्र धाडलंय म्हटल्यावर तुझी मम्मी घाबरलीच. तिने ते दारातच उभ्याने वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग गायनाच्या पुस्तकात जपून ठेवलं, आणि तेव्हापासून आल्यागेल्याला सांगत सुटली आहे की आमच्या शमुवेलच्या दीक्षेची तारीख ठरली, आता तो पाळक होणार, नावाच्या आधी रेव्हरंड लागणार. भाजीवाल्यालासुद्धा सोडलं नाही. त्याने विचारलं, रेव्हरंड म्हणजे कोणत्या खात्यात? ती म्हणाली, देवाच्या. त्यावर त्याने पेन्शनची चौकशी केली. मम्मीने कोथिंबीर जरा जास्त मागून घेतली.

आज शुक्रवार, म्हणून लिहायला बसलोय. नगरला राहून तू विसरला असशील, पण आपल्या भिवंडीची सुट्टी शुक्रवारची. गल्लीतले सगळे लूम बंद आहेत आणि इतकं शांत आहे की पंख्याचा आवाज ऐकू येतोय. लहानपणी तुला ह्या शांततेत झोप लागायची नाही. लूम बंद झाले की तू रडत उठायचास. मम्मी म्हणते माझंही तसंच आहे, फक्त मी रडत नाही, भांडतो. तेव्हा आज भांडणाऐवजी पत्र लिहितोय असं समज.

तुझ्या दोन गोष्टींना उत्तर द्यायचं आहे. पहिली म्हणजे साक्ष. तू लिहिलंस की दीक्षाविधीच्या दिवशी नव्या पाळकाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने उभं राहून साक्ष द्यायची तिथे रीत आहे, प्रभूने ह्या घरासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. आणि पप्पांना बोलायची सवय नाही, म्हणून त्यांनी ते आधी लिहून पाठवावं, तू भाषा नीट करून देशील. बेटा, तुला अ, आ, इ मी शेडच्या फरशीवर खडूने शिकवलं होतं, पण असो. सोबत एक छापील कागदही पाठवलास. त्यात आठवा प्रश्न असा आहे की आपल्या साक्षीमुळे आजवर किती व्यक्ती प्रभूकडे आल्या. पुढे आकडा लिहायला चौकोन आहे. दहा दिवस मी त्या चौकोनाकडे बघतोय.

दुसरी गोष्ट तू फार जपून लिहिलीस, दोनदा खोडून लिहिलीस असं मम्मीने उजेडात धरून पाहिलं. कल्याणच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुला सांगितलं म्हणे की साळवे आठ रविवार उपासनेला आले नाहीत, बाई एकट्याच येतात. तू विचारतोस, पप्पांची तब्येत बरी आहे ना, की मन थंड झालंय? तब्येत ठणठणीत आहे. मनाचं सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

तुझा माझ्यावरचा जुना राग आठवतो का? कल्याणच्या देवळात मी कायम शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायचो. बाकीच्या घरची माणसं शेवटचा आशीर्वाद घेऊन, अंगणात चहा पिऊन, निवांत गप्पा मारून निघायची. मी पावणेबाराला उठायचो. पाळकसाहेबांनी आशीर्वादाला हात वर करायच्या आत मी चपला घालून फाटकाबाहेर. तू दहा वर्षांचा असताना मला विचारलं होतंस, सगळ्यांना आशीर्वाद मिळतो, तुम्हालाच का नको? मी म्हणालो, रिक्षा चुकते. तू म्हणालास, रिक्षा काय, दुसरी मिळते. बरोबर बोलला होतास. पुढे पुढे तू माझ्या शेजारी बसायचं सोडलंस आणि मम्मीजवळ पुढच्या बाकावर जायला लागलास. मी ते पाहत होतो. साक्षीची वेळ आली की मी मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसायचो. साळवे भला माणूस आहे पण मुका आहे, असं मंडळीत म्हणायचे.

मी जन्माचा मुका नव्हे. हे तुला ठाऊक आहे, कारण एकदा तू मला बोलताना ऐकलं आहेस. तिथवर येतोच.

भिवंडीत रविवारी लूम चालू असतात. सगळ्या गावाची सुट्टी शुक्रवारी, मग रविवार पाळणाऱ्याने करायचं काय? जालन्याकडून इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी देवळाचं तोंड पाहिलं नाही. मग केसरीनाथशेठच्या शेडमध्ये मला तुझ्या रामनाथकाकाच्या शेजारचे लूम मिळाले. चार त्याचे, चार माझे, मध्ये हातभर वाट. एकदा बोलता बोलता त्याला सांगितलं की आमच्या उपासनेचा दिवस रविवार. तो तुटलेला धागा गाठत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग जा ना. मी हाय. लूम चालतान, नुसते बघायचे, त्यात काय." शेठ राहायला अंजूरला. रविवारी दुपारपर्यंत ते शेडवर फिरकत नसत, त्यामुळे तेवढ्या वेळात जाऊन यायचं ठरलं. बदल्यात होळीला, गणपतीत आणि एकवीरेच्या जत्रेला त्याचे लूम मी बघायचे. ना कागद, ना शपथ. त्याची अट एकच होती, साडेबाराच्या आत परत. चार लूमचा माणूस आठ बघू शकतो, पण थोडाच वेळ. इथली सुताची कांडी संपते, तिथला धागा तुटतो, पलीकडे धोटा अडतो, नजर सारखी फिरती ठेवावी लागते. साडेबारापर्यंत ती थकते आणि मग चुकते. हे त्याने मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं.

तू सात वर्षांचा होतास तेव्हाचा हंगामाचा सण आठव. तुला त्यातला कोंबडा नक्की आठवत असेल. लोकांनी आणलेले भोपळे, वांगी, अंडी असं सगळं लिलावात निघालं आणि तुझ्या हट्टापायी मम्मीने एक तांबडा कोंबडा घेतला. तो रिक्षाभर तुझ्या मांडीवर बसून माझ्याकडे रागाने बघत होता. त्या दिवशी पाळकसाहेबांनी साक्षीसाठी माझं नाव पुकारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांसमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो तर थांबेचना. मी सांगितलं, भिवंडीत रविवारी कोणी सुट्टी देत नाही, पण प्रभू मला मोकळं करतो. मी म्हणालो, मी इथे गातो आणि तिकडे प्रभू माझे लूम सांभाळतो. लोक आमेन म्हणाले. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. मला ते गोड लागलं, शमू. म्हणून तेच वाक्य जरा फिरवून पुन्हा म्हणालो. पुन्हा आमेन. रामनाथचं नाव मी एकदाही घेतलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि ते मला दिसत होतं. पावणेबारा झाले, बारा झाले. मी आशीर्वाद घेतला, चहा घेतला, दुसऱ्यांदा चहा घेतला. माणसं माझा हात हातात धरून छान साक्ष, छान साक्ष म्हणत होती आणि मी हात सोडवून घेत नव्हतो.

शेडवर पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. दारात गर्दी होती आणि आत आमचे आठही लूम बंद होते. एका लूमचा धोटा उडून रामनाथच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. तो लूम माझा. धोटा म्हणजे काय ते तुझ्या मंडळीतल्यांना सांगावं लागेल. आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, आणि सुटलं तर दगडासारखं लागतं. रामनाथ पलीकडच्या टोकाला कांडी बदलत होता. माझ्या लूमवर धागा तुटलेला दिसला म्हणून तिकडून धावत आला, वाकला, आणि तेवढ्यात धोटा सुटला. पाऊण वाजता. मी तेव्हा चहाचा दुसरा कप हातात घेऊन उभा होतो.

शेठ अंजूरहून येऊन पोचले होते. त्यांनी विचारलं, "साल्वे, तू कुठं व्हतास?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा कारीगर म्हणाला की रामनाथ सांगून गेलाय, साळवे इथेच होता, पाणी प्यायला बाहेर गेला तेवढ्यात झालं. डोळ्यावर गमछा दाबून रिक्षात चढताना त्या माणसाने पहिलं काम कोणतं केलं असेल तर माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं. कारण शेठचा नियम साधा होता, लूम सोडून गेला तो कामावरून गेला. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. तोंडाने हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली. त्या दिवशी सकाळी भरल्या देवळासमोर ज्याची जीभ थांबत नव्हती तोच मी.

डोळा गेला तो गेलाच. वर त्या हललेल्या मानेमुळे आणखी एक गोष्ट गेली, ती मला नंतर कळली. शेठच्या हिशोबी रामनाथ त्या दिवशी आठ लूम बघतच नव्हता. शेजारचा दोन मिनिटं पाणी प्यायला गेला तर तेवढं लक्ष ठेवणंही त्याला जमलं नाही, असं झालं. तीन महिन्यांनी तो कामावर परतला. पुढे शेडवर नवा कारीगर लागला की शेठ त्याच्याकडे बोट करून सांगायचे, "ध्यान ठेवून काम करायचं. त्याचा डोला बघ. ध्यान नसलं का असं व्हतं." एकोणीस वर्षं हे चाललं. अख्ख्या कामतघरात त्याच्याइतकी नजर असलेला कारीगर नव्हता. शेठ बोलत असायचे तेव्हा तो तिथेच उभा असायचा, आणि हातभर वाट सोडून मीही. तुझ्याकडून दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्या. आठवून बघ, खोट्या साक्षीच्या आज्ञेपाशी आलो की मी पाणी प्यायला उठायचो आणि तिथून पुढचं मम्मी घ्यायची.

मी सांगायला निघालोच नव्हतो असं नाही. इस्पितळात त्याच्या खाटेशी बसून म्हणालो होतो की शेठला खरं काय ते सांगून टाकतो. तो म्हणाला, "सांगून माझा डोला परत येल का? तुझं काम जाईल. पोर शालेत हाय तुझा. गप ऱ्हा." मला ते सोयीचं होतं, म्हणून मी गप्प राहिलो आणि वर स्वतःला सांगत राहिलो की त्याचा शब्द पाळतोय. देवळात जायचं मात्र थांबवलं. तोंडच नव्हतं. तुम्हा दोघांना रिक्षात बसवून द्यायचो आणि लूमवर जाऊन उभा राहायचो. असं वर्ष गेलं. मग एका रविवारी सकाळी रामनाथने मला दंडाला धरून लूमच्या वाटेतून बाहेर काढलं आणि म्हणाला, जा तुझ्या देवलात. मी म्हणालो, मी नाही जाणार आता. तेव्हा तो म्हणाला, "तू गेला न्हाय तर माझा डोला फुकट गेला."

मग मी गेलो. ह्या वेळी शेठकडे रीतसर परवानगी मागितली. रामनाथ बघत असंल तर जा, ते म्हणाले. हे आधीपासून चालत आलं होतं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. तेव्हापासून शेवटचा बाक, पावणेबारा आणि चपला. आशीर्वाद नको होता असं नाही रे. एका डोळ्याने आठ लूम बघणारा माणूस तिकडे उभा असताना मला बसवत नव्हतं. मी बारा-वीसला शेडच्या दारात शिरलो की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून हसायचा. माझा आशीर्वाद तोच. हे वाक्य जरा पुस्तकी झालं, काढून टाकलंस तरी चालेल.

आता आठ रविवारांचं. रामनाथला उरलेल्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन साधं असतं म्हणतात, पण एकच डोळा असलेल्याला त्यातलं साधं काय वाटणार? आनंदीबाई, तुझ्या काकू, तर शेलार गावातल्या घरी देवासमोर दिवा लावून बसल्या होत्या आणि मम्मी त्यांच्या शेजारी बसून आपल्या पद्धतीने प्रार्थना करत होती. कोणाचं ऐकलं गेलं ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरने दोन महिने सुताच्या धुळीत जाऊ नको म्हणून बजावलं. तुला माहीत आहेच, लूमवर बदली माणूस उभा राहिला की तोच कायमचा होतो. म्हणून मी शेठना म्हणालो, त्याचे चारही मीच बघतो. तेव्हापासून आठही माझ्याकडे, रविवारसकट. पहिल्याच रविवारी पाऊण वाजता माझी नजर अशी गरगरली की खांब धरून उभा राहिलो. मी दोन डोळ्यांचा. तो एका डोळ्याने हे दर रविवारी करत होता, आणि मी आलो की हसत होता.

तेव्हा पाळकसाहेबांना सांग, काळजी करू नका. आठ रविवार मी लूमवरच गाणी म्हटली. त्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे ह्या वयात माझा सूर बराच सुधारला आहे असं माझं मत झालंय. मम्मी देवळातून येताना प्रवचन घेऊन येते आणि जेवणाबरोबर वाढते, पाळकसाहेबांच्या चुकांसकट. हे त्यांना सांगू नकोस.

आणि आनंदाची बातमी अशी की रामनाथ तुझं पत्र यायच्या आदल्या दिवसापासून कामावर आहे. काळा चष्मा लावून थेट आपल्या घरी आला होता, भिंतीवरचा तुझा फोटो जवळ जाऊन पाहिला आणि म्हणाला, "शमू जाडा झाला का आधीपास्नं तसाच हाय?" दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आल्यावर त्याला मी तुझ्या दीक्षेची तारीख सांगितली, रविवार आहे, नगरला जायचंय म्हणालो. तो लगेच म्हणाला, "जा ना. मी हाय." जवळजवळ तुझ्या वयाचे आहेत ते शब्द. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण माझा मलाच राग आला. मी तिकडे उभा राहून साक्ष देणार आणि हा इकडे आठ लूम बघणार. पुन्हा तेच. मी त्याला म्हणालो, ह्या वेळी नाही. तो नको नको म्हणत मागे आला, तरी शनिवारी मी केसरीनाथशेठसमोर जाऊन उभा राहिलो आणि पाणी प्यायला गेलो नव्हतो, कल्याणला चहा पीत होतो, इथपासून सगळं सांगितलं.

शेठ आता थकलेत. शेडच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रविवार गेला, सोमवार गेला, माझ्याकडे बघेनात. मी घरी येऊन म्हणालो, एस्तेर, नगरची बॅग मोठी घे, नोकरी बहुतेक त्यातच भरून न्यावी लागेल. मम्मीला हे सगळं पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. भाजीवाल्याला रेव्हरंडची बातमी देणारी बाई, पण ही एक गोष्ट तिने एकोणीस वर्षं पोटात ठेवली. ती म्हणाली, उशीर केलात, पण केलंत.

मंगळवारी सकाळी लूम सुरू व्हायच्या आधी शेठनी सगळ्या कारीगरांना ओट्यापाशी बोलावलं. रामनाथला पुढे घेतलं. म्हणाले, "इतकी वर्सां मी ह्याच्याकडं बोट दाखवून सांगत आलो का ध्यान ठेवा. ध्यान ह्याचंच व्हतं, आठ लूमवर. चूक माझी हाय." एवढंच. उत्तरेकडच्या कारीगरांना एकाने ते हिंदीत समजावून सांगितलं. रामनाथ खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत होता, अगदी माझ्यासारखा. चारचौघांत शेठ माझं नाव घेऊन काही बोलले नाहीत. मागाहून मला एकट्याला म्हणाले, "तुला मी काय बोलू? तुझ्या देवाला काय सांगायचं तं तू सांग." आणि आत जाऊन खडू आणला आणि दारावर लिहिलं की तुझ्या दीक्षेच्या आठवड्यात शुक्रवारी शेड चालू, रविवारी बंद. शुक्रवारी नमाजाला जाणाऱ्यांनी विचारलं, आमचं कसं? तर ते जाऊन येईपर्यंत त्यांचे लूम मी आणि रामनाथ बघणार आहोत. शेजारच्या शेडवाल्याने ते दार वाचलं आणि दबक्या आवाजात चौकशी केली, रविवारी बंद म्हणजे कोणी गेलं का? शेठ म्हणाले, "न्हाय, आमच्या साल्वेचा पोर पाळक व्हतोय."

म्हणून उत्तराला एवढा उशीर झाला, आणि म्हणून हे पत्र. त्या चौकोनात शून्य लिही. माझ्या बोलण्याने कोणी कुठे आलं नाही, एक माणूस मात्र मला दर रविवारी तिकडे पाठवत राहिला, त्यासाठी कागदावर जागा नाही. साक्ष लिहून पाठवा म्हणालास, ती वर लिहिली आहे. आता तुला विचारायचं ते विचारतो. तू जिथे पाळक होणार तिथली माणसं पहिल्याच दिवशी ऐकतील की नव्या पाळकसाहेबांच्या बापाने एका माणसाचं नाव गिळलं आणि त्याचा डोळा गेल्यावर मान हलवली. दिवस तुझा आहे, माझा नाही. तुला जड जात असेल तर तसं मोकळेपणी कळव. मी येईन, शेवटच्या बाकावर बसेन, ह्या वेळी आशीर्वाद होईपर्यंत बसेन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण मला उभं राहायला सांगितलंस तर मी हेच सांगणार, माझ्याजवळ दुसरं काही नाही. भाषा हवी तेवढी नीट कर, रामनाथचं नाव तेवढं जिथे आहे तिथे राहू दे. तो आणि आनंदीबाई आमच्याबरोबर येत आहेत. पहिल्या बाकावर डाव्या टोकाची जागा त्याच्यासाठी धरून ठेव, म्हणजे उजव्या डोळ्याने त्याला सगळं दिसेल. मी त्याला विचारलं, लोकांसमोर तुझी गोष्ट सांगितली तर चालेल का? त्याने आधी हातातला धागा गाठून घेतला. मग म्हणाला, "सांग. पन मागच्या वेलेसारखा लांबवू नको. मी पुढं बसतो घड्याल घेऊन."

तुझाच,
पप्पा